नाचणीच्या पिठातली रेघ

मला ‘अगं’ म्हणणारं एकच माणूस उरलंय, आणि तेही आता बोलत नाही.

बाकी अख्ख्या भोरला मी ‘बाई’. स्टँडवर बाई, मंडईत बाई, दूधवाल्याचीही बाईच. शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेला, लग्नाच्या भानगडीत पडले नाही आणि त्याचं दुःखही करत बसले नाही. पण माझी थोरली बहीण, आमची अक्का, वेल्ह्याला दिलेली. मी गेले की दारातूनच ओरडायची, “अगं वेडाबाई, वाळलीस किती!” तेवढ्यावर माझे पुढचे कित्येक दिवस निघायचे. यंदा तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिला किती समजतंय ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या सुनेला मात्र खात्री होती. “न्हाई कळत वो मावशी त्यांना काई. भितीकडं बगत्यात नुसत्या.”

मला फक्त एवढंच हवं होतं, की ती मला ओळखते का ते कळावं. दर रविवारी नसरापूरला एस.टी. बदलून मी वेल्ह्याला जायची आणि तिच्या खाटेशी बसायची. हात दाबून पाहिला. आमच्या आईची नक्कल करून पाहिली, जी बघून ती हसून लोळायची. डोळे आपले भिंतीवर. संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, कुलूप काढायचं, एक कप चहा टाकायचा. एकच कप चहा करायला फार कंटाळा येतो, खरं सांगते.

वेळ जावा म्हणून लोक मालिका बघतात. मी गणिताचा इतिहास वाचते. तसं वाचता वाचता आफ्रिकेपाशी पोचले आणि माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं फळ्यावर ग्रीक आणले, आर्यभट आणला. आफ्रिका म्हटलं की पिरॅमिड, तेवढंच. काँगोकडच्या एका तळ्याकाठी मोजणीच्या खाचा पाडलेलं, हजारो वर्षांपूर्वीचं हाड सापडलंय, हे या वयात कळतंय! आणि मग अंगोलातल्या चोक्वे लोकांची वाळूतली चित्रं भेटली. तिथले जाणते म्हातारे वाळू सपाट करायचे, बोटांनी ठिपक्यांच्या ओळी टेकवायचे आणि गोष्ट सांगत सांगत ठिपक्यांभोवती एकच रेघ ओढायचे. बोट उचलायचं नाही, थबकायचं नाही, सगळे ठिपके घेऊन, जिथून निघालो तिथंच परत यायचं. कोणी चुकला की भोवतीची माणसं हसायची.

अहो, ही तर आपली रांगोळी! मी वहीचं पान फाडून ठिपके मांडले. चार ओळी, एकेका ओळीत सहा ठिपके. फसलं, रेघ अर्ध्यातनंच घरी आली. पाच ओळी, सहा ठिपके. जमलं! मग लक्षात आलं, हा तर मसावि. दोन्ही आकड्यांचा मसावि एक असेल तरच एका रेघेत भागतं. हे सहावीच्या पोरांना घोकवण्यात माझा घसा बसला, आणि ते म्हातारे वाळूत बोटानं तेच करत होते. कुठले ठिपके एका रेघेत सुटतील हे त्यांना ठाऊक होतं. मी चक्क टाळ्या पिटल्या. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

पुढचं वाचून मात्र हातातली पेन्सिल खाली ठेवली. आधी गुलामीत माणसं नेली, मग गोऱ्यांचं राज्य आलं. जाणते एकेक करून गेले, आणि कित्येक चित्रांच्या गोष्टी कोणी विचारायच्या आतच त्यांच्याबरोबर गेल्या. मला आधी राग आला, मग वेल्ह्याची खाट डोळ्यांपुढे आली.

ठिपके हे अक्काचं राज्य होतं. लहानपणी अंगणात ती ठिपके टाकायची, मी जोडायची आणि हटकून चुकायची. मग ती फुर्रकन नाकातून हसायची, अगदी पोट धरून. तिला हे सांगायलाच हवं होतं, कळो न कळो. रविवारी मी सुनेकडे परात मागितली आणि तिच्यात नाचणीचं पीठ पसरलं. “अवो मावशी, खायचं पीठ हाय!” ती म्हणाली. म्हटलं, भाकरीच कर गं नंतर याची, वाया नाही जात. ती डोक्याला हात लावून मागच्या दारी धुणं वाळत घालायला गेली.

परात खाटेवर अक्काच्या डाव्या हाताशी ठेवली. पीठ तळव्यानं सपाट केलं आणि चोक्वे म्हाताऱ्यांची हकीकत सांगत ठिपके टेकवले. मग बोट फिरवायला लागले. छान चाललं होतं. आणि काय, रेघ मधूनच वळली आणि सुरुवातीला येऊन चिकटली! बरेच ठिपके तसेच मोकळे. बघते तर पाच ओळी, पाच ठिपके, म्हणजे मसावि पाच. मसावि घोकवणाऱ्या बाईचा हात, पण जन्मभराच्या रांगोळीची सवय, चौकोनी मांडून मोकळा! “हात् मेलं,” मी म्हटलं.

फुर्र.

मी मान वर केली. अक्का परातीकडे बघत होती. तोंड एकीकडेच वर गेलेलं, पण हसू नाकातून आलं होतं, तेच ते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातलं ‘अगं वेडाबाई’ मला स्पष्ट ऐकू आलं. मला हुंदका आवरेना.

आणि तेवढ्यात ध्यानात आलं. म्हणजे हिला कळत होतं. या खाटेशी चहा पीत शेजारच्या बायका बोलायच्या, “आता देवानं सोडवावं बिचारीला.” मी त्यांच्यातच बसलेली असायची. “अक्का,” मी विचारलं, “सगळं ऐकत होतीस गं?”

तिनं डोळे मिटले. कडेनं पाणी उशीवर उतरलं. भरल्या घरात ती इतके दिवस एकटी पडून होती, आणि मी भोरला कुलूप काढताना रोज समजायची, की एकटी मीच.

तिचा डावा हात हलला. परातीत आला, सावकाश फिरला, माझी चुकलेली रेघ पुसून पीठ सपाट झालं. मग तिनं माझ्या बोटाला बोट लावलं.

मी पुन्हा ठिपके मांडले. या वेळी मोजून, मुद्दाम, पाचावर पाच.