डाव्या हाताचा भाता

सोलापूरच्या डॉक्टरांनी नळी घालून माझा घसा पाहिला आणि सांगितलं, गाठ काढावी लागेल, बोलता येईल, पण गाण्याचं विसरा. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं. उमरग्याला परत येताना बसमध्ये मी रडले नाही, चिडले. सगळा जन्म दुसऱ्यांच्या गाण्यामागं पेटी वाजवण्यात गेला. आमच्या महिला भजनी मंडळात गायच्या त्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांच्या सुरामागं बोटं पळवायची आणि पुढच्या ओळीची वाट बघायची. एकटीनं, आपल्याच साथीवर, एक गाणं पुरतं म्हणायचं राहूनच गेलं होतं. गळा जायच्या आत मला तेवढं हवं होतं.

गाणं कुठलं, ते ठरलेलं होतं. मुलगी बंगळुरूला नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका हॉटेलात पियानो वाजवत जॅझ गाते. तिचा जुना इलेक्ट्रिक पियानो माझ्याकडं पडून होता, त्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवायची. ती गाते त्यातलं एक संथ इंग्रजी गाणं मला अर्थासकट पाठ होतं. कुणीतरी घर सोडून गेलंय आणि मागं राहिलेली बाई सवयीनं दोघांचा चहा टाकते, एवढंच त्यात आहे. मला ते फार आवडायचं. आमच्या भजनात चहा कुठं असतो?

मुलगी फोनवरून शिकवू लागली आणि पहिल्याच दिवशी तिनं कपाळाला हात लावला. पेटीवाल्याला एकच ठाऊक असतं, गळा जाईल तिथं बोटांनी जायचं. इथं सगळंच उलटं.

"आई, गातीस तेच वाजवू नको ना. गळ्याला एकटं सोड. त्याला जरा मागं रेंगाळू दे. डाव्या हातानं नुसते तीन-चार सूर एकदम धरून ठेव."

उजवा हात मी कसाबसा आवरला. डावा ऐकेना. गाणं सुरू होईपर्यंत तो पट्ट्यांवर शहाण्यासारखा बसायचा. मी तोंड उघडलं की आपोआप उचलला जायचा आणि पियानोच्या मागं हवेत पुढं-मागं व्हायला लागायचा. पेटीचा भाता मारत! भाता थांबला की पेटी मुकी होते, आणि एवढ्या वर्षांत त्या हाताला दुसरं कुठलंच काम मी दिलं नव्हतं.

जाऊबाई एकदा दारात उभ्या राहून बघत होत्या. "अगं बया, कुणाला वारा घालायलीस? ह्याला भाता न्हाय, वायर हाय."

"दिसतंय मला, जाऊबाई. तुम्ही हात तरी धरा."

त्यांनी माझं मनगट पट्ट्यांवर दाबून धरलं. हात थांबला, आणि गळाही थांबला. पुढचा शब्दच बाहेर येईना. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना.

त्यात रोजच्या रियाजानं घसा आणखी बसत चालला. डॉक्टर म्हणाले होते, आवाज जपा. कशासाठी जपायचा, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनला निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलगी व्हिडिओवर होती, जाऊबाई पलंगावर. मी सुरू केलं. पहिल्या ओळीला हात जागेवर राहिला आणि मला वाटलं, आज जमतंय. दुसऱ्या ओळीला तो निघाला. मी त्याला जाताना पाहिलं. खालचे सूर गेले, तरी मी एकटा गळा पुढं रेटला, आणि चहाच्या ओळीवर तोही फाटला.

"छान झालं, आई," मुलगी म्हणाली. इतकं खोटं ती लहानपणीसुद्धा बोलली नव्हती. जाऊबाई उठल्या आणि त्यांनी पियानोचं बटण बंद केलं.

ऑपरेशन नीट झालं. आता बोलते ते समोरच्याला कळतं, फोनवर मात्र दोनदा सांगावं लागतं. दुपारी घरात कुणी नसलं की मी पियानोवरचे कपडे बाजूला करते आणि तेच गाणं वाजवते, नुसतं वाजवते. परवा मुलीला ऐकवलं.

"आई, डावा हात हललाच न्हाय!" ती आनंदानं ओरडली, आणि मग घाईनं माझ्या जेवणाचं विचारू लागली.

तो आता हलत नाही. सगळे सूर नीट धरून बसतो. गाणारंच कुणी उरलं नाही, तर वारा भरायचा कुणासाठी?