साबणाची झिजलेली वडी

वडिलांनी भागीदाराबरोबर चौसाळ्यात साबणाचा कारखाना काढला, त्याच वर्षी मी हैदराबादची इंग्रजी शाळा संपवून घरी आले. करडीच्या तेलाचा साबण, वर लक्ष्मीचा ठसा. ठशाची कल्पना भागीदारांची. पहिला माल हातोहात गेला. मग मात्र कुणी दुसरी वडी मागेना.

भागीदारांना तेलाचा वास खटकत होता, वडिलांना वेष्टणाचा रंग. अत्तर घातलं, कागद बदलला, तरी दुकानदार नुसती मान हलवत. "दिवाळीपर्यंत बघू, न्हाई तर कुलूप," भागीदार म्हणाले. त्या दिवसापासून वडिलांचं जेवणात लक्ष नसे.

या बोलण्यात मी कधी पडत नसे. पाणी नेऊन ठेवायचं आणि दाराआड उभं राहायचं.

श्रावणात दिंद्रुडला आत्याकडे गेले. देवघरात फुलं ठेवताना देवांच्या टाकांशेजारी आमची वडी दिसली, हळद-कुंकू वाहिलेली.

"आत्या, हा अंगाला लावायचा असतो ना?"

"लक्ष्मी पायाला चोळू व्हय गं? इंग्रजी शिकलीस अन् येडी झालीस!" आत्याला हसू आवरेना. "शेजारणीकडंबी देव्हाऱ्यातच हाय."

"मग घेतलीस कशाला?"

"दारात आलेली लक्ष्मी माघारी धाडू?"

परतताना बैलगाडीत मी एकच वाक्य मनात घोळवत होते. घरी भागीदार बसलेलेच होते. मी पाण्याचा तांब्या ठेवला आणि त्या तांब्याकडेच बघत म्हणाले, "लोक वडीची पूजा करतात. म्हणून ती संपत नाही."

भागीदार वडिलांकडे बघायला लागले. उगीच तोंड उघडलं, असं वाटून मी वळले, तोच वडील हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"म्हंजे आमी साबण केलाच न्हाई," भागीदार म्हणाले, "देव घडवले!"

नव्या साच्यात कापसाचं बोंड आलं. तेल तेच राहिलं. अत्तर बंद केलं.

भाऊबीजेला वडील बहिणीकडे निघाले, मलाही बरोबर घेतलं. पाय धुवायला न्हाणीत गेले ते बाहेरच येईनात. जाऊन पाहिलं, तर त्यांच्या तळहातावर साबणाची चकती होती, पानासारखी पातळ, बोंडाचा ठसा पुसून गेलेला. एक लांब केस तिला चिकटला होता.

चुलीपाशी बसलेल्या आत्याचा आवाज आला, "दादा, संपत आली की ती! दुसरी आणलीस का न्हाई?"

वडिलांनी चकती जपून दगडावर ठेवली. त्या दिवशी आत्याकडे ते पोटभर जेवले.