गॅसच्या लाइनीत

मी पुण्यात रिक्षा चालवतो, असं लोकांना वाटतं. खरं तर मी कात्रजच्या सीएनजी पंपावर लाइनीत उभा असतो आणि मधल्या वेळात रिक्षा चालवतो! रोज तेच चेहरे, तोच धूर. किस्से साठणार नाहीत तर काय!

*

शाळेत बाईंनी माझ्या मुलीला विचारलं, "तुझे बाबा कुठे असतात गं?"

"पंपावर!"

पुढच्या पालकसभेत बाईंनी मला पहिल्या रांगेत बसवलं, चहा पाजला. मग हळूच म्हणाल्या, "कांबळेसाहेब, आपला स्वतःचा पंप, तेव्हा यंदाच्या गॅदरिंगचं तेवढं बघा ना!"

म्हटलं, "बाई, आमच्या पंपावर रोजच गॅदरिंग असतं. या एकदा!"

*

लाइनीत माझ्यापुढे बहुतेक वेळा सलीमभाई. त्यांचा खोकला हटेना, म्हणून मी त्यांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं.

"सिगारेट?"

"नाही."

"तंबाखू?"

"कधीच नाही."

"मग करता काय?"

"सिग्नलला थांबतो. बसच्या मागे."

डॉक्टर उठले आणि आधी दवाखान्याची रस्त्याकडची खिडकी लावून घेतली!

आता सलीमभाईंच्या खिशात दम्याचा पंप असतो. म्हणतात, "या पंपाला लाइन नाही, एवढं बरंय!"

*

एकदा भर उन्हाळ्यात एक साहेब लाइनीत मोटारीचा एसी चालू ठेवून बसले होते. आम्ही आपल्या रिक्षा हातानं ढकलतोय, आणि यांचं इंजिन सुरूच!

सलीमभाईंना राहवेना. काचेवर टकटक करून म्हणाले, "साहेब, नंबर येईपर्यंत टाकी रिकामी होईल की!"

साहेबांनी काच दोन बोटं खाली घेतली. "बरंय ना. मग फुल बसेल." काच वर!

*

तिकडं आखातात युद्ध पेटलं आणि इकडं गॅस महागला. कोथरूडच्या एका आजींना मी म्हटलं, "आजी, मीटरवर दहा रुपये जास्त द्या. युद्ध चालू आहे."

"कुठे?"

"आखातात."

"मग आखातात जाणाऱ्यांकडून घ्या. मला स्वारगेटला जायचंय."

*

सावंत आमच्यातला सगळ्यात बोलका. त्यानं गॅसची रिक्षा विकून इलेक्ट्रिक घेतली. निघताना सगळ्यांना वडापाव खाऊ घातले आणि "बसा लेको धूर खात!" म्हणत टाटा करून गेला. आमचा जीव जळला, खोटं कशाला बोलू!

महिन्याभरानं बघतो तर लाइनीत माझ्यामागे सावंत! नव्या कोऱ्या रिक्षासकट! मी काही विचारायच्या आत त्यानंच सुरुवात केली. कोणाच्या पोरीचं जमलं, सलीमभाईंचा खोकला कसाय, सगळं विचारून झालं. लाइन सरकली की तोही सरकायचा.

सरकता सरकता त्याचा नंबर आला. पंपावरच्या मावशी नळी हातात घेऊन त्याच्या रिक्षाभोवती दोनदा फिरल्या. "अहो, भरायचा कुठनं?"

"राहू द्या मावशी," सावंत म्हणाला. आणि रिक्षा वळवून पुन्हा लाइनीच्या शेवटी जाऊन उभा राहिला.