घाटात हीटर लावणारे ड्रायव्हर

आमच्या समोरचे ड्रायव्हर गाडीत बसायच्या आधी चपला काढून डिकीत ठेवायचे आणि अनवाणी गाडी चालवायचे. शिवाजी पेठेत सगळे त्यांना ड्रायव्हरच म्हणत, नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मी एकदा विचारलं, देवळात चपला काढतात ते समजतं, गाडीत कशाला? म्हणाले, "गाडी काय म्हणतीया ते पायाला कळाय पाहिजे, वैनी." मी चौथी शिकलेली बाई. गाडी काही म्हणते, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

गाडी जुनी, विलायती, त्यांच्या मालकांची. मालक गेले, त्यांची मुलं पुण्याला राहायला गेली आणि जाताना गाडी ड्रायव्हरांना देऊन गेली. ड्रायव्हरांना ना बायको, ना पोरं. माणूस गोड होता असं मी म्हणणार नाही. दिवसभर तंबाखू. विचारलं त्याचं उत्तर एका वाक्यात, आणि ते वाक्यही समजेल असं नाही.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. माझी शोभा सावंतवाडीला दिलेली. तिला बाळंतपणासाठी सातव्यात आणायची होती. आधीचं एक पोटातच गेलेलं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की एसटीचे धक्के नकोत. माझा नवरा वारलेला, भाड्याची गाडी करायची ऐपत नव्हती. मी ड्रायव्हरांना विचारलं. म्हणाले, "आणू की. आधी हीटर करतो."

मला वाटलं, अंघोळीचा. त्यांनी गाडीचं दार उघडून दाखवलं. पुढच्या सीटसमोर, खाली एक डबा होता आणि त्यातून चालवणाऱ्याच्या पायाशी पाणी टपकत होतं. थंडीत गाडी आतून गरम करायचा हीटर. आणि महिना मे. मी मनातच म्हटलं, ऊन लागलंय ह्यांना.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनेही तेच सांगितलं. काढून टाका, दोन नळ्या एकमेकीला जोडा, कोल्हापुरात हीटर कुणाला पाहिजे? मला पटलं. ड्रायव्हरांनी मान हलवली, हीटर सोडवून पिशवीत घातला आणि तांबटाकडे निघाले. नवा कुठे मिळत नव्हता, मिळाला असता तरी परवडला नसता. माझा बंब गळत होता, म्हणून तो घेऊन मीही गेले. तांबटाने हीटर उलटासुलटा केला. म्हणाला, "ह्यो बंबच की. नुसता चपटा हाय." दोन्हीची भोकं त्याने कथील ओतून झाळली आणि पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते बघितलं.

हीटर बसवल्यावर ड्रायव्हरांनी माझ्याकडे मूठभर हळद मागितली आणि गाडीच्या पाण्यात टाकली. कुठे बारीक भोक राहिलं असेल तर हळद बसून बुजतं म्हणे. मी विचारलं, मीठ-मोहरी देऊ का? "नको. हळद पुरे," म्हणाले. थट्टा कळली की नाही, कोण जाणे.

जाताना आंबोलीचा घाट उताराचा, काही झालं नाही. येताना शोभा मागे आडवी, मी पुढे. अर्ध्या घाटात इंजिनाच्या तापाचा काटा तांबड्यावर गेला आणि ड्रायव्हरांनी हात घालून हीटर सुरू केला. ऐन मे महिन्यात. आत भट्टीसारखी हवा यायला लागली, शोभा घामाने निथळली. मी म्हटलं, "मुडद्या, पोरीला उकडून मारतोस काय? बंद कर ते." एरवी मी त्यांना अहो-जाहो करायची. घाट संपेपर्यंत माझं तोंड थांबलं नाही, त्यांच्या आईबापापर्यंत पोचले. ते एवढंच म्हणाले, "गाडीचा ताप आपुन घ्यायचा, वैनी. मग ती चढती."

गाडी न थांबता वर आली. शोभा उतरली, सावलीत बसून पाणी प्यायली आणि पोर लाथा मारतंय म्हणाली. माझा जीव भांड्यात पडला. मग ड्रायव्हर लंगडत उतरले. मी म्हटलं, आता हे काय नाटक? डावा पाय घोट्यापासून बोटांपर्यंत पिवळा आणि फोडांनी भरलेला. तांबटाची झाळ अर्ध्या घाटातच सुटली होती आणि हळदीचं कढत पाणी क्लचवरच्या पायावर पडत राहिलं होतं. हीटर बंद का केला नाहीत, मी विचारलं. "गाडी उकळून थांबली असती. घाटात पोरीला कुठं बसवायचं?" मग पायाकडे बघून म्हणाले, "हळद लागलीच हाय. औषधाचं काम झालं."

हीटर लावला की इंजिनाची उष्णता आत येते आणि इंजिन निवतं, हे मला पुढे मेकॅनिकने समजावलं. ड्रायव्हरांना हे आधी सांगायला काय झालं होतं, ते मला आजही कळत नाही.

शोभाला मुलगी झाली, ठणठणीत. ड्रायव्हरांचा पाय बरा झाला, पण बोटं आखडली ती आखडलीच. क्लच दाबता येईना. मी रोज ताट पोचवत होते, माफी मात्र मागितली नाही. शिव्या मनापासून दिलेल्या, त्यांची माफी कशी मागतात? वर्षभरात त्यांनी गाडी विकली आणि आजऱ्याला पुतण्याकडे राहायला निघाले.

स्टँडवर पोचवायला मी गेले. काहीतरी बोलायचं ठरवून गेले होते, पण ते ऐन वेळी सुचेना. बसच्या खिडकीतून त्यांनीच म्हटलं, "घाटात पाय उचलावा वाटत हुता, वैनी. तुमी शिव्या देत हुता, म्हणून उचलला न्हाय."

हे कौतुक होतं की गाऱ्हाणं? बस हलली, तेव्हा मी कंडक्टरला ओरडून सांगितलं, त्या माणसाच्या डाव्या पायापाशी कुणाचं गाठोडं ठेवू देऊ नकोस.