सहा युनिटांची गाडी

विजेवर चालणारी गाडी घेतल्यापासून मला घरातला पंखा लावायचीही लाज वाटते. गाडीचा दोष नाही, दोष माझ्या स्वभावाचा आहे. (शेजारच्या घरात कप फुटला, तरी मी आधी माझे हात बघतो.)

त्यात आमच्या ऋतुजाचा फोन आला. ती नांदेडला, विष्णुपुरीत इंजिनिअरिंग शिकते.

"बाबा, गाडी चार्ज होताना किती युनिट लागतात, ते घरी मोजून सांगाल? रविवारी प्रदर्शन आहे. माझ्या प्रोजेक्टमध्ये तुमचाच आकडा लावणार आहे. आणि सगळे या, बरं का!"

मुलीनं अभ्यासातलं काहीतरी मला विचारण्याची ही पहिलीच वेळ! मी डोळे पुसून कामाला लागलो.

लातूरच्या एका डाळमिलमध्ये मी वजनकाटा सांभाळतो. ट्रक आधी रिकामा तोलायचा, मग भरलेला. मधला फरक तो माल. या एका वजाबाकीवर माझा संसार उभा आहे. तीच मी घराला लावायची ठरवली. आधी घर रिकामं करायचं!

शनिवारी दुपारी गाडीला वायर जोडली आणि मेन स्विच खाली ओढला. मग पंखे, फ्रीज, टीव्ही, देवघरातला बारका दिवा, सगळ्यांची बटणं बंद केली आणि मेन पुन्हा चढवला. आता घरात वीज खाणारी एकटी गाडी! दारातल्या मीटरपुढं मी स्टूल टाकून बसलो.

"आरं, देवाचा दिवा तरी ठेव!" दादा म्हणाले. दादा म्हणजे माझे वडील. रेणापूरची शेती सोडून ते आमच्याकडं राहायला आलेत, पण शेती काही त्यांना सोडत नाही.

"दादा, देवाला सांगा, ऋतुजाचं प्रोजेक्ट आहे."

"देवाला सांगतो रं. पण मला कोन सांगंल? उकडून मरायलो मी हितं!"

स्वयंपाकघरातून मंगल, माझी बायको, ओरडली, "अहो, फ्रीजमधलं दूध नासायलंय!"

"मग पनीर कर!"

पुढचं ती जे बोलली, ते प्रोजेक्टमध्ये घेण्यासारखं नव्हतं.

मीटरचा लाल दिवा लुकलुकत होता. आकडा चढत होता. लेकरू पहिल्यांदा स्वतःच्या हातानं जेवतंय, तसं मी बघत होतो. तेवढ्यात मागच्या घरातल्या शिवकांताबाई आल्या.

"भाऊ, लई मोठं मन हाय तुमचं! भर उन्हाळ्यात कोन करतंय एवढं?"

"ताई, आता प्रत्येकानंच करायला पाहिजे," मी नम्रपणे म्हणालो. "पुढच्या पिढीसाठी."

"खरं हाय. आख्ख्या गल्लीचं भलं झालं!"

"गल्लीचं कशाला? जगाचं होतं!"

शिवकांताबाई जरा चपापल्या. "जगाचं? मग मी आनखी दोन घागरी आनते," म्हणत त्या घाईनं गेल्या. घागरी कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही. कौतुकानं माणूस बहिरा होतो.

उन्हं उतरली, तेव्हा मीटर बरोबर सहा युनिट पुढं गेला होता. एवढ्या वेळात गाडी भरलीच असणार, म्हणून मी लगेच फोन लावला.

"ऋतुजा, फक्त सहा युनिट! तेवढ्यात गाडीचं पोट भरलं!"

"नक्की ना बाबा? फारच कमी वाटतंय."

"बेटा, वजनकाट्यावर आयुष्य गेलंय माझं!"

"मग लिहिते हं. पोस्टरवर मोठ्या अक्षरात!"

मी पंखा लावून (आता हक्कानं!) बसतो न बसतो, तोच मंगल धपाट्यांचा डबा गाडीत ठेवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो! बॅटरी सकाळी होती तेवढीच दिसतीय की!"

"मग सहा युनिट खाल्ले कुणी?"

मी पंखा बंद करून कान दिला. मागून धो धो आवाज येत होता.

आम्ही तिघंही मागच्या दाराकडं धावलो. गच्चीवरची टाकी ओसंडून वाहत होती. खाली निम्मी गल्ली घागरी, बादल्या, पातेली घेऊन रांगेत उभी, आणि शिवकांताबाई पाइप हातात धरून वाटप करत होत्या.

"आले, आले! मालक आले!"

दादांनी कपाळाला हात लावला. "आरं, मोटार आटोवर हाय. सकाळी म्याच ठिवली."

शेतावर लाइट केव्हा येईल याचा नेम नसतो. म्हणून शेतकरी मोटारीचा स्टार्टर ऑटोवर ठेवतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. दादांनी तसलाच स्टार्टर आमच्या बोअरला बसवला होता. मी मेन पाडून चढवला, त्याला वाटलं लाइट आली! बोअरच्या मोटारीचा आवाज वर येत नाही, आणि ती बंदच असणार, असं मी धरून चाललो होतो. रिकामा म्हणून तोललेल्या ट्रकमध्ये क्लीनर झोपलेला निघावा, तशातली गत.

आणि गाडी? रात्री चार्ज केलेली बरी, असं कुठंतरी वाचून मीच तिच्यात रात्रीची वेळ लावून ठेवली होती. ती बिचारी तोंडात वायर धरून अंधाराची वाट बघत होती!

मी मोटार बंद केली. ("थांबा की भाऊ, एकच घागर!") मग फोन लावून ऋतुजाला सगळं सांगितलं. मुलीचं प्रोजेक्ट बुडवलं, मी मनात म्हटलं.

"बाबा, हे कुणाला सांगू नका."

"नाही गं, कुणाला तोंड दाखवू?"

"म्हणजे मी सांगणार आहे! नुसत्या घराच्या मीटरवरून कोण किती खातं ते कळत नाही, हेच तर माझं प्रोजेक्ट आहे. तुम्ही पुरावाच दिलात!"

रात्री कुणीही मोजत नसताना गाडी निमूटपणे जेवली आणि सकाळी आम्हाला नांदेडला घेऊन गेली. दादा पुढच्या सीटवर ऐटीत बसले होते.

प्रदर्शनात सरांनी पोस्टरकडं बघून विचारलं, "हा सहा युनिटांचा चुकीचा आकडा कुठून मिळाला?"

"सर, ते काय, खांबाजवळ उभे आहेत."

सगळा हॉल वळला. मी हात जोडले.

"चुकीचा कसा? गल्लीला इचारा!" दादा म्हणाले.

निघताना ऋतुजानं स्वतः बनवलेला छोटा मीटर माझ्या हातात ठेवला. "गाडीच्या प्लगला लावा बाबा. खरा आकडाही तुम्हीच कळवायचा."

तुम्हीच! घटना ताजी असूनही तुम्हीच! परतीच्या वाटेवर मी तो मीटर मांडीवर धरून आणला. घरी आल्या आल्या रात्रीची वेळ काढून टाकली, प्लगला मीटर लावला आणि स्टूल टाकून बसलो. बराच वेळ गेला, पण त्याच्यावर आकडाच उमटेना. पोरीचं काहीतरी चुकलं असेल, असं मी मोठ्या मनानं म्हणणार, एवढ्यात अंधारातून मंगलचा आवाज आला.

"अहो, मेन कुणी बंद केलाय?"

सकाळी निघताना, मोटार चुकून सुरू होऊ नये म्हणून, मीच.