ओल्या पेंढ्याखालची नाव

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत बसू शकत नाही. उठतो, अंगणात दोन येरझाऱ्या घालतो. घरच्यांना आता सवय झाली आहे. वास्तविक खून नाही, दरोडा नाही, गेली होती फक्त एक रबरी नाव. हवा भरून फुगवायची, पोरांच्या खेळण्यासारखी. पण त्या नावेपायी एका तरुणाचं आयुष्य बुडायची वेळ आली होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी जुन्नर तालुक्यातल्या एका ठाण्याचा अधिकारी होतो. आमच्या हद्दीच्या पश्चिमेला डोंगरात एक धरण आहे. उन्हाळा होता, पाणी बरंच उतरलं होतं. पिंपरी पेंढारकडच्या एका मोठ्या बागाईतदाराचे जावई परदेशातून सुटीला आले होते. त्यांना गळाने मासे धरायचा नाद होता आणि त्यासाठी त्यांनी ती नाव सोबत आणली होती. धरणात मासेमारीचा ठेका असलेल्या सोसायटीची परवानगीही त्यांनी रीतसर काढली होती. माणूस नियमाचा पक्का.

त्या दिवशी सकाळभर मासे धरून ते जेवायला काठावर आले. नाव काठाशी ठेवून जीपकडे गेले. परत येऊन पाहतात तर नाव नाही, गळ नाहीत, काही नाही. वरच्या वाडीतला एक तरुण त्यांचं सामान वाहायला आला होता, तोही गायब. संशयित म्हणून त्यांनी त्याचंच नाव फिर्यादीत दिलं.

पहिला घोळ हद्दीचा झाला. धरणाचा पलीकडचा काठ शेजारच्या ठाण्याचा. त्यांचं म्हणणं, नाव आमच्या हद्दीत गेली. आमचं म्हणणं, पाण्यात फिरत होती त्यांच्या. ही ढकलाढकल पाहून जावई हसले. म्हणाले, ते राहतात तिथल्या तळ्यातूनही सीमा जाते, तीही दोन देशांची. पाण्यावर रेघ दिसत नाही, पण नियम सगळ्यांना पाठ. नुसतं पलीकडून फिरून आलात तर कोणी विचारत नाही. गळ टाकायचा तर त्या बाजूचा परवाना हवा. आणि तिथे नाव थांबवायला तळाशी आकडा टाकला, नांगरासारखा, की आधी त्या देशाच्या अधिकाऱ्याला कळवायचं. मी ऐकून घेतलं आणि विसरलो. अखेर गुन्हा आमच्याकडेच नोंदला गेला.

आता खरी अडचण सांगतो. तो तरुण पोलीस भरतीत निवडला गेला होता. त्या वाडीतून सरकारी नोकरीत जाणारा पहिलाच. त्याच्या चारित्र्य पडताळणीचा कागद नेमका माझ्याच टेबलावर होता, शेरा मारायचा बाकी. चोरीच्या गुन्ह्यात अटक झाली की नोकरी गेलीच. दुसरीकडे बागाईतदाराचे फोन चालू होते. वरिष्ठ वायरलेसवरून विचारत होते, अटक झाली का? जावयांच्या परतीच्या विमानाची तारीख जवळ आलेली. मला धड जेवण जाईना, धड एका जागी बसवेना. ठाण्याच्या व्हरांड्यात माझ्या इतक्या फेऱ्या झाल्या की हवालदार म्हणाले, "साहेब, पहारा आहे की आपला. बसा जरा."

पोराला चौकशीला बोलावलं. उंच, काटक, धावण्यात पहिला आलेला. मी दरडावलं, समजावलं, चहा पाजला. एकच उत्तर.

"सायेब, मी चोरली न्हाई. कुनीच चोरली न्हाई."

मग नाव गेली कुठे, म्हटलं की खाली मान. नोकरीचा कागद मी त्याच्यासमोर धरला. त्याने तो पाहिला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुन्हा तेच उत्तर. इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे. स्वतःला वाचवणारा माणूस पोलिसाच्या तोंडाकडे बघतो, आपलं खोटं पचलं का ते ताडत. दुसऱ्याला वाचवणारा दाराकडे बघतो, तो दुसरा येतोय की काय म्हणून. हा दाराकडे बघत होता. मी त्याला घरी सोडलं आणि माझीच झोप उडाली.

दुसऱ्या दिवशी बातमी मिळाली. दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर ठाण्यात आला आणि माझ्या कानाशी लागला. वाडीच्या मागच्या ओढ्यात, त्या पोराच्या घराशेजारी, पेंढ्याखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलंय म्हणाला. झालं. लपवलेला माल, तोही संशयिताच्या घराशेजारी. न्यायालयाला आणखी काय लागतं?

त्या दिवशी चतुर्थी होती. निम्मं ठाणं ओझरला बंदोबस्ताला गेलेलं. हवालदार म्हणाले, दुपारी माणसं मोकळी झाली की सगळे मिळून जाऊ. शहाणपणाचं तेच होतं. पण माझा पाय ठरेना. शेवटी ते हवालदार आणि दोन पंच जीपमध्ये घातले आणि सकाळीच निघालो.

ओढ्यात गेलो तर खरंच पेंढ्याचा ढीग. हवालदारांनी वरचा थर ओढला, खाली नाव. गळ आत, नीट गुंडाळून ठेवलेले. खुंटीला दोरी, जनावराला बांधतात तशी. पंचनाम्याला बसणार, तोच माझ्या हाताला गारवा लागला. पेंढा ओला होता, ठिबकत होता. उन्हाळ्यात, कोरड्या ओढ्यात.

चोर माल झाकतो. भिजवत कशाला बसेल?

एवढ्यात चढावरून एक म्हातारी रिकामा हंडा घेऊन खाली उतरली. त्या पोराची आई. आम्हाला पाहून ती घाबरली नाही, उलट कपाळाला आठी घालून विस्कटलेल्या पेंढ्याकडे पाहू लागली. मी विचारलं, यावर पाणी कोण टाकतं?

"मीच की. रोज सकाळी दोन खेपा टाकते," ती म्हणाली. "कोंडलेल्या जित्राबाला पानी नको व्हय? ही पीत न्हाई, म्हून वरून शिपडते. उन्हानं फुटली तर पावन्यांचं नुकसान न्हाई का व्हनार?"

मी तिथेच दगडावर बसलो. कितीतरी दिवसांनी बसलो.

मग तिचा नवरा आला आणि सगळं उलगडलं. धरणात या वाडीची रानं गेली. पण पाण्यावरही यांनी आपापले बांध मोडले नाहीत. ज्याचं रान जिथे बुडालं, तिथलं पाणी त्याचं. जाळं तिथेच लावायचं, शेजाऱ्याच्या रानावरून नाव न्यायची, पण थांबायचं नाही. सोसायटीच्या कागदात यातलं काही नाही. जावयांनी आकडा टाकला तो नेमका म्हाताऱ्याच्या रानावर, आणि आकड्यात त्याचं जाळं फाटलं. म्हाताऱ्याने काठावरून हात केला. जावयांना वाटलं, राम राम करतोय. त्यांनीही हात हलवला.

परक्याचं जनावर रानात शिरलं तर मारायचं नाही, कोंडून ठेवायचं, चारापाणी करायचं आणि मालकाची वाट बघायची. मालकाने स्वतः येऊन चुकलं म्हणायचं, चहा प्यायचा आणि जनावर घेऊन जायचं. म्हाताऱ्याने नावेला तोच न्याय लावला.

"आमी वाट बगत व्हतो," तो म्हणाला. "पावनं आलंच न्हाई. पोरगं म्हनालं, पोलीस लागलेत. मी म्हनलं, पोलीस कशाला? मालकानं यायचं."

आणि पोरगा? बापाला नाव नेताना पाहून तो त्याच्यामागे वाडीवर गेला होता. बापाला आत टाकतील या भीतीने तो गप्प राहिला. हातची नोकरी सोडायला तयार झाला, पण बापाचं नाव घेतलं नाही.

जावयांना मी वाडीवर घेऊन गेलो. सासरे जीपमध्ये फुरंगटून बसले. जावई मात्र ऐकता ऐकता गंभीर झाले. म्हणाले, "म्हणजे मी न कळवता दुसऱ्याच्या हद्दीत थांबलो होतो." म्हाताऱ्यासमोर हात जोडून ते चुकलं म्हणाले. चहा झाला. फाटलं जाळं त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिलं. म्हातारा म्हणाला, "फुडच्या बारीला नुसतं सांगून बसा. दिसभर बसा, पावनं."

निघताना मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे न कळवता थांबलं तर काय करतात?

"नावसुद्धा जप्त करू शकतात," ते म्हणाले. "पण तिच्यावर पाणी कोणी शिंपडत नाही."

चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. इथे तो नव्हता, गैरसमज होता. जावयांनी तसा पुरवणी जबाब दिला, मी सी समरीचा, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल पाठवला आणि न्यायालयाने तो मंजूर केला. पडताळणीच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने लिहिलं, प्रतिकूल काही नाही. ते पोरगं आज हवालदार आहे. फिर्याद घ्यायच्या आधी दोन्ही बाजूंना पाणी देतो, असं त्याचे साहेब मला सांगतात.

या प्रकरणाने मला शिकवलं की सरकारच्या हद्दीखाली लोकांच्या आणखी हद्दी असतात, आणि त्या मोडल्या तर माणसं न्यायही आपल्याच रीतीने करतात. कोणी गुन्हा केला हे विचारण्याआधी इथे काय रीत आहे हे विचारावं. आता कुठे व्याख्यानाला बोलावलं की मी एवढंच सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात.

येरझाऱ्या घालतो त्या मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी. म्हातारी पाणी टाकायची ती सकाळी. हवालदार म्हणत होते, दुपारी जाऊ. उन्हाळ्याच्या दुपारी तो पेंढा खडखडीत वाळलेला असता. मग माझ्यासमोर पेंढ्याखाली लपवलेली नाव असती, शेजारी संशयिताचं घर असतं, आणि माझ्या टेबलावर त्याचा कागद.