शिंदी उतरवायलोय

आमच्या परड्यात शिंदीची चार बुटकी झाडं आहेत. खाली म्हैस बांधायची, एवढाच त्यांचा उपयोग. मी बी.एस्सी. झाले, तेही केमिस्ट्री घेऊन, आणि आमच्या घराण्यात पहिली. चार झाडं अशी फुकट उभी राहिलेली मला बघवेनात. थंडीत त्यांचा गोड रस काढायचा आणि आटवून काकवी करायची असं मी ठरवलं. उसाची काकवी काय, कोल्हापुरात कुणीही करतं.

शिडी लावून शेंड्याखालचं खोड कोयत्यानं सोललं, बांबूची पन्हळ ठोकली, मडकी बांधली. रस आंबू नये म्हणून मडक्यांना आतून चुना फासला. इथवर सगळं बरोबर. चूक केली ती तोंडानं. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, काय चाललंय गं वर. मी म्हटलं, "शिंदी उतरवायलोय की."

आमच्याकडं झाडालाही शिंदी म्हणतात आणि त्याच्या दारूलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निम्म्या गडमुडशिंगीला आमच्या आप्पांच्या तब्येतीची काळजी लागली. आप्पा म्हणजे माझे वडील. गुऱ्हाळावर गूळ शिजवण्यात त्यांचा जन्म गेला. गळ्यात माळ, दारूच्या वाऱ्याला उभे राहिले नाहीत. आणि आता दारात ही माणसं. कुणी म्हशीची चौकशी करतोय, कुणी सहज आलोय म्हणतोय. एकजण तर आमच्या ओळखीचाही नव्हता, तांब्या मात्र घेऊन आला होता. आईनं चहा दिला तरी कुणी हलेना.

आप्पांनी मला आत बोलावलं. "आजवर गावानं माझ्याकडं बोट केलं न्हाय," ते म्हणाले. "तुझ्या कालेजानं तेवढं करून दाखवलं."

हे मला लागलं. काकवी झाली की सगळ्यांना वाटीनं चाखवते, मग आपोआप तोंडं बंद होतील, असं सांगून मी परड्यातच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, चूल पेटवली. रस कढईत ओतला, थर्मामीटर लावला. दोन-तीन तासांनी रसाला तांबूस रंग चढला. आप्पा पाठ करून बसले होते. नुसत्या वासावर म्हणाले, "उतरव."

मी म्हटलं, अजून दोन डिग्र्या बाकी आहेत.

"डिग्री तुझ्याकडं एक हाय तेवढी बास. उतरव म्हंतो."

मी ऐकलं नाही. दोन डिग्र्या पुऱ्या करूनच कढई उतरवली. निवल्यावर वाटीत ओतायला गेले, तर कढई उपडी केली तरी थेंब पडेना. काकवीचा गूळ झाला होता, आणि तोही दगडासारखा.

काकवी चाखवते म्हणून मी थांबवलेली माणसं वाट बघत होती. आता हसणार, आणि हसणार ते आप्पांना, हे मला कळत होतं. तेवढ्यात आप्पाच उठले. उलथन्यानं कढईतला गूळ फोडला आणि पहिला खडा त्या अनोळखी माणसाच्या तळहातावर ठेवला.

"घ्या पावणं, आमच्या पोरीची शिंदी. चावून प्या."

आधी तोच हसला, मग सगळे. ज्यानं त्यानं खडा तोंडात टाकला, कुणी घरी न्यायला मागून घेतला. काकवी म्हणत होतीस ना, असं काकूंनी कुंपणावरून विचारलंच. मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, आमचं पहिल्यापासून गूळच करायचं ठरलेलं.

माळकरी माणूस धडधडीत खोटं बोलत होता. मी मुकाट्यानं कढई खरवडायला घेतली.